भिंगबाईची खूण

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. भिंगाखाली धरली की कुठलीही वस्तू आपलं खरं रूप दाखवते, असं तिचं मत होतं. माणसांनाही तसं धरता आलं असतं तर जगातले निम्मे घोळ मिटले असते, हे तिचं दुसरं मत. लग्न ठरताना नवऱ्या मुलाचा फोटो आला, तेव्हा तो कसा दिसतो हे बघण्याआधी तिने फोटो उलटा करून मागे काय लिहिलंय ते पाहिलं होतं. मागे काही नव्हतं, तर का नाही, म्हणून ती दोन दिवस विचारात होती.

तिच्याकडे कुणी काही मागितलं की पहिला प्रश्न ठरलेला. 'कशाला हवंय?' सुरी मागा, छत्री मागा, साधं पेन मागा, 'कशाला हवंय?' ऐकल्याशिवाय वस्तू हातात पडत नसे. घरचे याला सरावले होते. नवरा तर कारखान्यात घणाच्या यंत्रावर उभं आयुष्य काढून कानाने अर्धा झाला होता, त्यामुळे त्याला हा प्रश्न ऐकूच येत नसे. तो हवं ते स्वतःच उचलून न्यायचा आणि नंतर बोलणी खायचा. तीही त्याला ऐकू येत नसत.

कारखाना सासऱ्यांनी उभा केलेला. तिथे शॅकल बनत. शॅकल म्हणजे नालाच्या आकारात वाकवलेला जाड पोलादी तुकडा आणि त्याच्या तोंडाशी आडवी पिन. क्रेनच्या साखळीत तो अडकवायचा आणि त्याला ओझं टांगायचं. खाली माणसं वावरत असतात, म्हणून शॅकलने वाकावं, ताणावं, कुरकुरावं, पण एकदम तुटू नये. सासरे गल्ल्यावर बसत, नवरा घणावर, धाकटा दीर पोलादाची खरेदी बघे, आणि मागच्या अंगाला असलेल्या तपासणीच्या खोलीत भिंगबाईचं राज्य होतं. धातूशास्त्राची पदवी घेऊन आलेली सून, तेव्हा ते राज्य कुणी तिच्यावर उपकार म्हणून दिलेलं नव्हतं.

त्या खोलीतल्या प्रत्येक नमुन्यावर ती छोट्या पंचाने तीन टिंबं ठोकायची, आणि तीही दिसेल अशा जागी नाही, खालच्या अंगाला, कडेशी. तुकडा कुणी बदललाच तर आपल्याला कळावं म्हणून. दीर तिला चिडवायचा. "वहिनी, एक दिवस तू दादाच्या मानेवर पण तीन टिंबं मारशील."

"मारलीयेत," ती म्हणायची.

आणि एका दुपारी फोन आला. त्यांचा एक शॅकल ओझं उचलताना तुटला होता. ओझं खाली आपटलं. खाली नेमकं कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. गिऱ्हाइकाने त्याच खेपेतले आणखी काही शॅकल ताणून पाहिले, तर तेही निम्म्या ओझ्यालाच गेले. कारण कळवा, नाहीतर आपला संबंध संपला, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला आणि तुटके तुकडे पाठवून दिले.

भिंगबाईने पहिला तुकडा उजेडात धरला आणि फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला. चिवट पोलाद तुटताना आधी ओढलं जातं, लांबतं, आणि तुटलेला भाग मळकट करडा, रेषारेषांचा दिसतो. हा न वाकता तुटला होता, कपाचा कान तुटावा तसा. तुटलेली बाजू दाणेदार साखरेसारखी लुकलुकत होती.

तिचा पहिला संशय भट्टीवाल्यावर जायला हवा होता. तो नेहमीचा संशयित होता. त्याची नजर सतत भिंतीवरच्या घड्याळाकडे असायची, त्यामुळे त्याचं नावच घड्याळ पडलं होतं. शॅकलला दोनदा भट्टी लागते. आधी लाल तापवून तेलात बुडवायचा, की तो कडक होतो, पण इतका की आपटला तर काचेसारखा फुटेल. मग दुसऱ्या, कमी आचेच्या भट्टीत ठरलेला वेळ ठेवायचा. तिथे त्याचा ताठा उतरतो आणि चिवटपणा येतो. घड्याळ या दुसऱ्या भट्टीतून माल ओढून काढायचा, पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि हात पुसत घरची वाट धरायचा. मागे एकदा काही तुकडे हवे त्याहून कडक निघाले. भिंगबाईने ताडलं, हा वेळ होण्याआधीच माल काढतो. तिने भट्टीच्या दाराला कडी बसवली, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी माल आत गेला की ती कुलूप लावायची. वेळ भरली की वीज आपोआप बंद व्हायची. सकाळी ती स्वतः येऊन दार उघडायची. आता कुणाच्या बापाची टाप नव्हती माल लवकर काढायची.

घड्याळाला हे फारच पसंत पडलं. "उत्तम कल्पना, बाई," तो म्हणाला आणि चहाच्या वेळेला घरी जाऊ लागला. तो खूश का, याचाही तिला संशय आला होता. पण कुलूप पक्कं होतं. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याचा कडकपणा मापात बसत होता. हे तुटके तुकडेही तिने यंत्राखाली दाबून पाहिले. कडकपणा अगदी हवा तेवढा. म्हणजे भट्टी निर्दोष आणि घड्याळही. तिला थोडं वाईटच वाटलं.

मग उरलं पोलाद, आणि पोलाद आणणारा दीर.

दिराचं वागणं तिला पहिल्यापासून खटकायचं, कारण त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. खरेदीच्या कपाटाची किल्ली तो दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने घ्यावी अशी. सुटे पैसे मोजून घेत नसे. कुणी काही मागितलं की 'घे ना' म्हणायचा. इतका उघडा माणूस म्हणजे कुठेतरी काहीतरी झाकलेलं असणार, असा तिचा हिशोब होता.

त्यात पोलाद बदललं होतं ते त्याच्याच सांगण्यावरून. आधीच्या पोलादात निकेल, क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम असे. मुळात लोखंडात कार्बन मिसळला की कडकपणा येतो, पण तो जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचावा म्हणून क्रोमियम लागतं. निकेल चिवटपणा देतं. मॉलिब्डेनम दिसायला चिमूटभर, पण घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आत्येसारखं, ते असलं की बाकीच्यांची भांडणं विकोपाला जात नाहीत. पुढे ते पोलाद वेळेवर मिळेना. दिराने दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मॉलिब्डेनम नसलेली नमुन्याची एक कांब आणली. भिंगबाईने ती कापली, तापवली, ताणली, ठोकली. सगळीकडे उतरली. तिने होकार दिला. पण कांबेचा उरलेला तुकडा तीन टिंबं मारून आपल्या कपाटात कुलपात ठेवला. नमुना सोन्याचा आणि माल पितळेचा, अशी जगाची रीत तिला माहीत होती.

आता ती रीतच समोर आली आहे असं तिला वाटलं. तिने तुटक्या शॅकलमध्ये काय काय आहे ते यंत्रावर तपासलं. निकेल बरोबर, क्रोमियम बरोबर, मँगनीज बरोबर. गंधक आणि फॉस्फरस, म्हणजे पोलादातले बिनबोलावलेले पाहुणे, तेही मर्यादेत. नमुन्याच्या आणि मालाच्या आकड्यांत नखाएवढा फरक नव्हता. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. हिचा राग वाढला.

तिने तुकड्याचा एक काप आरशासारखा चमकवला, त्याला पिवळं आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा भिडवला. पोलाद म्हणजे एकसंध लगदा नव्हे, तो एकमेकांना चिकटलेल्या कणांचा असतो, आणि चांगल्या पोलादाला हे आम्ल लावलं तर शिवणी जेमतेम दिसतात. इथे प्रत्येक कणाभोवती काळी, ठळक रेघ उमटली होती. कण धडधाकट होते. त्यांना जोडणारी शिवण कुजली होती. शिवणीत काहीतरी जाऊन बसलं होतं.

काय बसलं होतं? कथील असेल, आर्सेनिक असेल. भंगार वितळवून पोलाद केलं की असली घाण येते, आणि ती त्यांच्या यंत्राला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे ती असणारच. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तुकडा पाठवता आला असता, पण उत्तर यायला वेळ लागला असता आणि भिंगबाईला उत्तर आधीच ठाऊक होतं. नमुना चांगला दाखवून व्यापाऱ्याने भंगाराचा माल गळ्यात मारला, आणि दिराने तो कळूनसवरून घेतला.

त्यानंतर तिने दिराला डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली, आणि पाहायला लागलं की दिसतंच. तो फोन घेऊन अंगणात गेला. का? त्याने नवे बूट घेतले. कशातून? जेवताना गप्प होता, म्हणजे मन खात होतं. दुसऱ्या दिवशी हसत जेवला, म्हणजे कोडगा झाला होता. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हटलं तर सूत तरी लागतं, हिला तेवढंही लागलं नाही.

रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले असताना तिने विषय काढला. तुटका तुकडा तिने रुमालात गुंडाळून आणला होता. तो ताटाशेजारी ठेवला आणि शांतपणे सगळं सांगितलं. शिवणी, घाण, भंगार, व्यापारी. दिराचं नाव तिने घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

सासऱ्यांनी तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "बोल."

"काय बोलू, बाबा? जी कांब वहिनीला दाखवली, तोच माल मी घेतला."

"कशावरून तोच?" भिंगबाईने विचारलं.

"मी स्वतः उभा राहून गाडी भरून घेतली. वहिनी, बदललेला माल तू बघितलास का? डोळ्यांनी?"

"सगळं डोळ्यांनी दिसत नाही, भाऊजी. जे दिसत नाही तेच तर घात करतं."

नवऱ्याने भाताचा घास तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचंय," सासरे म्हणाले. "तोवर खरेदीची किल्ली माझ्याकडे. सूनबाई, मला पक्का पुरावा दे. पुरावा निघाला तर यानं आपली वाट धरावी. कारखानाही नाही आणि घरही नाही. माझा माल माणसांच्या डोक्यावर टांगलेला असतो."

दीर उठला, हात धुतले आणि किल्ली आणायला गेला. ती खिळ्यालाच होती.

पुरावा पक्का करणं भिंगबाईच्या हातचा मळ होता. कपाटातला जुना नमुना काढायचा, आणि तो आणि नव्या मालाची कांब दोन्ही एकाच भट्टीतून, एकाच वेळेला, एकसारखे काढायचे. मग ठोकायचे. नमुना चिवट निघेल, माल फुटेल, आणि मग कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. तिने दोन्ही तुकडे तेलात कडक केले, संध्याकाळी दुसऱ्या भट्टीत ठेवले, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि घरी गेली.

सकाळी तिने दार उघडलं. तुकडे अजून कोमट होते. दोघांना मधोमध खाच पाडून तिने एकेक करून लंबकाच्या यंत्रात ठेवला. या यंत्रात जड हातोडा वरून झोका घेत येतो आणि तुकडा तोडून पलीकडे जातो. तुकडा चिवट असला तर तोडताना हातोड्याचा दम जातो आणि तो पलीकडे फारसा चढत नाही. ठिसूळ असला तर हातोड्याला तुकडा मधे होता हे कळतही नाही.

नव्या मालाचा तुकडा ठेवला. हातोडा पार वर गेला. ती समाधानाने हसली.

मग नमुना ठेवला. हातोडा पार वर गेला.

तिला आधी वाटलं, आपण तुकडे उलटसुलट ठेवले. तिने जमिनीवरचे अर्धे उचलले. दोन्हींची बाजू साखरेसारखी लुकलुकत होती. मग अर्थातच तिला वाटलं, कुणीतरी कपाट उघडून नमुना बदलला. तिने कपाटाचं कुलूप पाहिलं, त्यावर ओरखडा नव्हता. अर्धा तुकडा उलटा करून भिंगाखाली धरला. कडेशी तीन टिंबं होती आणि तिसरं जरा तिरकं होतं. ते ठोकताना पंच घसरला होता, हे तिच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं.

तिचाच नमुना, तिच्याच कपाटातला, तिच्याच खुणेचा. तोच, जो पहिल्यांदा ठोकला तेव्हा हातोड्याला दाद देत नव्हता. तेव्हापासून पोलाद बदललं नव्हतं. मग काय बदललं होतं?

ती स्टुलावर बसली तेव्हा कमरेला काहीतरी टोचलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. ती किल्ली होती.

कॉलेजातलं पान तिला आठवलं, आणि इतकं सरळ आठवलं की तिला स्वतःची लाज वाटली. निकेल-क्रोमियमच्या पोलादाला एक खोड असते. दुसऱ्या भट्टीतून काढून ते पटकन थंड केलं तर काही बिघडत नाही. पण मंद आचेत हळूहळू निवत ठेवलं तर त्यातला मर्यादेतला, बिचारा फॉस्फरससुद्धा सरकत सरकत कणांच्या शिवणीत जाऊन बसतो. त्याला फक्त वेळ हवा असतो. कडकपणा तसूभर बदलत नाही, म्हणून तपासणीत काही कळत नाही. मॉलिब्डेनम असतं तर त्याने फॉस्फरसला आवरून धरलं असतं. ते नव्हतं. तरीही घड्याळ जोवर घरी पळायच्या घाईत माल हौदात बुडवत होता, तोवर फॉस्फरसला हलायला फुरसत नव्हती. नमुना पहिल्यांदा ठोकला तोही कुलूप बसण्याआधी, असाच पाण्यात निववून. ती फुरसत भिंगबाईने दिली होती. कुलूप लावून, रोज, रात्रभर.

खात्री करायला तिने नमुन्याचा उरलेला तुकडा आणि तुटक्या शॅकलमधला एक, असे दोन पुन्हा त्याच आचेवर तापवले आणि या वेळी स्वतः चिमट्याने ओढून पाण्यात टाकले. फस्स झालं. मग ठोकले. हातोडा जेमतेम पलीकडे गेला आणि लटकत राहिला. पोलाद तर बरं झालं होतं.

आता ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. कुणाला कळायचं कारणही नव्हतं. आकड्यांत मॉलिब्डेनम शून्य होतं, पोलाद दिराने आणलं होतं, शिवणी काळ्या होत्या. नमुन्याचे तुकडे भंगारात टाकले, कुलूप हळूच काढलं, की काम झालं. पुढचा माल चांगला निघाला असता आणि सगळे म्हणाले असते, बघा, धाकटा गेला आणि माल सुधारला. चोर सोडून संन्याशाला फाशी. हा विचार तिच्या मनात आला, आणि आल्या पावली गेला असं नाही. तो बसला. तिने तुकडे उचलून भंगाराच्या डब्यापर्यंत नेलेही.

तेवढ्यात दीर दारात आला. त्याच्या हातात व्यापाऱ्याकडचे कागद होते, ते सासऱ्यांनी मागितले होते. कागद टेबलावर ठेवून तो जायला निघाला आणि थांबला.

"वहिनी, एकदा अजून बघशील? माझ्यासाठी नको. काही राहिलं असेल तर तुलाच सापडेल. तू बघतेस तेव्हा नीट बघतेस, हे मला माहीत आहे."

तिने मूठ मिटली. तीन टिंबांचा तुकडा तळहाताला रुतला. हा माणूस अजून आपल्यावर विसंबून होता, ज्या नजरेने त्याला चोर ठरवलं त्याच नजरेवर, आणि तिला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघितलंय," ती म्हणाली. "बाबांकडे चला."

सासऱ्यांपुढे तिने सगळं सांगितलं. कुलूप, रात्रभरचं निवणं, शिवणी, पाण्यात टाकल्यावर बरं झालेलं पोलाद. काही झाकलं नाही. किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली. तिला वाटलं होतं सासरे रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी किल्ली बोटाने बाजूला सारली. मग म्हणाले, "हा रडला वाटतं तुझ्यापुढे?"

"नाही बाबा. चूक माझी आहे."

"रविवारी त्याची होती. आज तुझी आहे. उद्या कुणाची? इतकी वर्षं तूच आम्हाला शिकवलंस, माणूस एकदम शब्द फिरवायला लागला की आधी त्यामागचं कारण शोधावं. घर मोडू नये म्हणून स्वतःवर घेतेस, होय ना?"

ती खरं बोलत होती आणि ते त्यांना खोटं वाटत होतं. तिच्याकडे आकडे होते, तुकडे होते, पण ते सगळे तिच्याच खोलीतले आणि तिच्याच हातचे. तिने दिराकडे पाहिलं, तो तरी मानेल म्हणून. तो गल्ल्यावरच्या किल्लीकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते तिला लगेच ओळखू आलं, कारण ते तिचंच होतं.

"परत करू," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. पण तुकडे मी निवडणार. आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे राहील."

तसंच झालं. गिऱ्हाइकाकडून आलेल्या ढिगातून त्याने एक शॅकल निवडला, स्वतः कापून घेतला आणि दोन तुकडे खिशात घालून बाजूला गेला. दोन्ही भट्टीत गेले. वेळ भरल्यावर एक त्याने काढून पाण्यात टाकला. दुसरा आत राहिला. कुलूप त्याने लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता हे सगळं बघत उभा होता.

सकाळी तपासणीच्या खोलीत सासरे खुर्चीवर बसले. नवऱ्याने घण बंद ठेवला होता, त्यामुळे कारखान्यात कधी नसते अशी शांतता होती. दिराने पहिला तुकडा ठेवला, रात्रभर कोंडलेला. हातोडा त्यातून असा गेला की जणू मधे खडूच होता. मग दुसरा ठेवला. हातोडा आपटला, अडखळला, तुकडा वाकवून कसाबसा पलीकडे गेला आणि परत आला. सासरे उठून उभे राहिले.

पण दीर खाली वाकला होता. त्याने चारही अर्धे गोळा केले, एकेक उलटा करून खिडकीपाशी नेला आणि कडेशी काहीतरी शोधलं. भिंगबाई शेजारीच होती, तिला दिसलं. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या अंगाला, अगदी कडेपाशी, पंचाचा एक बारीक ठोका होता. तिनेही तिथेच मारला असता. ठोके जागेवर आहेत हे पाहिल्यावरच त्याने मान हलवली.

"तेच आहेत," तो म्हणाला.

त्या दिवशी गिऱ्हाइकाला जे कळवायचं ते भिंगबाईने स्वतः फोनवर कळवलं, स्वतःच्या नावावर. विकलेले सगळे शॅकल परत मागवले, पुन्हा तापवले, पाण्यात बुडवले. प्रत्येक खेपेतले काही तिने ठोकून पाहिले, आणि एकही फुटला नाही. भट्टीचं कुलूप आणि कडी तिने भंगारात टाकली. घड्याळाला तेवढं दुःख झालं, कारण त्याला पुन्हा वेळ भरेपर्यंत थांबावं लागू लागलं. सासऱ्यांनी धाकट्याला खरेदीची किल्ली परत दिली आणि पाठीवर हात ठेवला. घर शाबूत राहिलं. जेवायला सगळे एकत्र बसत होते, नवरा पुन्हा बहिरा झाला होता.

काही दिवसांनी तिला नव्या कांबेचे कागद बघायचे होते. ते खरेदीच्या कपाटात असत. सवयीने तिचा हात दाराशेजारच्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. तिने खाली जमिनीवर पाहिलं, पडली असेल म्हणून. मग तिच्या लक्षात आलं.

दीर आत कांबा मोजत होता. ती त्याच्याजवळ गेली. "भाऊजी, कपाटाची किल्ली हवी होती."

त्याने मोजणं थांबवलं. खिशावर हात ठेवला, पण आत घातला नाही.

"कशाला हवीय, वहिनी?"

तिने कशाला हवी ते सांगितलं. कोणते कागद, कोणत्या कांबेचे, काय बघायचंय आणि किती वेळ लागेल, सगळं नीट सांगितलं. मग हात पुढे करून ती उभी राहिली. तो हातातली रांग पुरी मोजून उठला, आणि कपाट उघडायला तिच्याबरोबर आला.